पंच्याऐंशी हातोड्या आणि मैद्याची खळ

लग्न होऊन मी धामणगावहून अमरावतीला आले तेव्हा माझ्या नवऱ्याचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान अंबागेटच्या आत होतं आणि घर तिथून दहा मिनिटांवर. जात सुताराची. पण सासऱ्यांनी नांगर-वखर सोडून भजनी मंडळांच्या पेट्या हातात घेतल्या आणि मुलाने त्याच्याही पुढे जाऊन पियानोत डोकं घातलं. अमरावतीत तेव्हा पियानो होते तरी किती? कॅम्पातल्या बंगल्यांत चार-दोन, मिशनच्या लोकांकडे एखाद-दुसरा, बडनेऱ्याला रेल्वेवाल्यांच्यात एक. साहेब लोक गेले, पियानो राहिले. नेणार कसे? एकेकाला उचलायला सहा माणसं लागत. ज्यांनी ते लिलावात घेतले त्यांनी वर फुलदाण्या ठेवल्या, आणि आत कसर, झुरळं नि उंदरांनी आपापले संसार थाटले.

नवऱ्याचा कान मोठा तयार. तार जराशी उतरली तरी त्याचं तोंड आंबट व्हायचं. पण बोटं! ती वखर धरायलाच केलेली. पियानोच्या तारा पिळणं त्याला झकास जमायचं. आतल्या हातोड्या काही केल्या जमायच्या नाहीत. हे तो कधी कबूल करायचा नाही आणि मीही चारचौघांत म्हणायची नाही. आता तो नाही, आणि मला ह्या वयात कोणाची भीड राहिलेली नाही, म्हणून लिहिते.

सुरुवात एका वकिलाच्या पियानोपासून झाली. पियानोची पुढची फळी काढून चार फिरक्या सैल केल्या की हातोड्यांची सबंध चौकट एकदम बाहेर येते. चार-साडेचार फूट लांब, पाळण्याच्या कठड्यासारखी. दुकानात जागा नव्हती म्हणून त्याने ती गोधडीत गुंडाळून घरी आणली. दुपारी ओसरीवर बसून तो एका हातोडीच्या भोकातली सुईएवढी पितळी पिन काढत होता. पिन निघेना, तसा तो पिनेला शिव्या द्यायला लागला. मी शेजारी वाती वळत बसले होते.

"अशानं निंघते काय थे? आना इकडे," मी म्हटलं.

"हे बायकाइचं काम नाही वो."

"बायकाइचं नाही तं मंग शिव्या देनाऱ्याचं हाय काय?"

त्याने हातोडी माझ्या पदरात टाकली आणि पाणी प्यायला उठला. मी विणकामाची सुई पिनेच्या तोंडाशी सरळ धरली, तळहाताने हलकेच दाबली, आणि तो गडवा ठेवून परत येईपर्यंत पिन माझ्या मांडीवर होती. दिवेलागणीपर्यंत मी अकरा हातोड्या मोकळ्या केल्या. वाती राहिल्या त्या राहिल्याच.

ज्यांनी पियानो आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण बाहेरची पट्टी दाबतो, तिचं मागचं टोक वर उठतं, ते एका काडीला उचलतं, आणि ती काडी हातोडीच्या बुडाला ढुशी देते. हातोडी जाऊन तारेवर आपटते. पण सगळं कसब आपटण्याच्या आधी असतं. तारेला लागण्याच्या जरासं अगोदर काडीने बाजूला सरकायचं आणि हातोडीला एकटीलाच पुढे जाऊ द्यायचं. काडी सरकली नाही तर हातोडी तारेला चिकटून बसते आणि सूर गुदमरतो. फार लवकर सरकली तर हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. हे अंतर किती असावं ते म्हणे पुस्तकात इंचाने दिलेलं आहे. मी ते ज्वारीच्या दाण्याने मोजायची. तार आणि हातोडी ह्यांच्यामध्ये एक दाणा अलगद मावला, की तिथेच काडी सुटली पाहिजे. नवऱ्याजवळ चांगली पितळी मोजपट्टी होती, पण सहा महिन्यांत तोही माझ्याकडे दाणा मागायला लागला.

आपटलेल्या हातोडीला माघारी ओढायला एक बारीक फीत असते. तिला आम्ही लगाम म्हणायचो. उंदरांना हे लगाम फार प्रिय. नवीन लगाम मुंबईहून मागवायचे तर महिने जात, म्हणून मी माझ्या जुन्या लुगड्याचे काठ उभे फाडले, टोकाला दुमडून काज शिवलं, आणि ते मुंबईच्या लगामांपेक्षा टिकले. हातोडीच्या बुडाशी ढुशी सोसायला लोकरीचा जाड तुकडा चिकटवलेला असतो. तो बहुतेक वेळा कसरीने खाल्लेला असे. त्यासाठी टांगेवाल्याकडून खोगिराखालचा जुना नमदा आणायचा. रिठ्याच्या पाण्यात तीन वेळा धुतला की घोड्याचा वास जात असे, निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगायची.

सासूला आधी हे प्रकरण मुळीच पटलं नाही. "काय चाटू घेऊन बसली वो? चिऊ-काऊची पंगत हाय काय?" असं ती त्या लाकडी पळीसारख्या हातोड्यांवरून येता-जाता टोचायची. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि जिभेवर मिरची. पण एक दिवस मी पंच्याऐंशी हातोड्या सुपात घेऊन बसले होते. प्रत्येकीच्या दांडीवर मी शिसपेन्सिलीने आकडा घातला होता, आणि धुताना निम्मे आकडे पुसून गेले. मी रडकुंडीला आले. पियानोतली प्रत्येक हातोडी तिच्या शेजारणीहून केसभर लहान असते. एक जरी चुकली तरी सगळी ओळ बिघडते. सासू आली, सूप मांडीवर ओढलं आणि नुसत्या नजरेने एकेक उचलून लावत गेली. तिला वीसपर्यंतच मोजता यायचं. "चार विसा अन पाच," शेवटी ती म्हणाली. मी एकेक ताडून पाहिली. एकही चूक नव्हती. तेव्हापासून सूप तिचं झालं.

वकिलाचं काम संपलं तेव्हा नवऱ्याने पियानोची पहिली पट्टी मला दाखवायला म्हणून घरी आणली. सगळ्यात डावीकडची. तिच्या लाकडी अंगावर इंग्रजीत दोन नावं होती, एक कलकत्त्याच्या कोणा कारागिराचं आणि दुसरं मुंबईच्या. ह्या धंद्यातली ही रीत आहे. काम झालं की पहिली पट्टी उपसायची, तिच्या अंगावर आपलं नाव नि गाव लिहायचं आणि परत बसवून टाकायची. घरमालकाला ते कधी दिसत नाही. दिसतं ते पुढच्या कारागिराला. नवऱ्याने त्या दोघांच्या खाली आपलं नाव मोठ्या झोकात लिहिलं.

"अन माहं?" मी विचारलं.

"तुहं कायले? मिस्त्रीच्या बायकोनं हातोड्या बसवल्या असं समजलं तं पुन्हा कोन बलावन मले?"

"घरच्याइले दिसतच नाही म्हनता ना?"

"कारागिराले दिसते ना वो."

मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे मला ओळखणारे सांगतील. मी मराठी चौथी पास होते, नाव लिहिता येत होतं, आणि मला ते नाव त्या पट्टीवर हवं होतं. लुगडं नको, दागिना नको. कलकत्त्याच्या नि मुंबईच्या माणसाच्या खाली माझं नाव हवं होतं, कारण काम माझं होतं. पुढच्या चार-पाच वर्षांत आमच्या हातून बरेच पियानो गेले आणि दर वेळी पट्टीवर त्याचंच नाव गेलं. दर वेळी मी त्या दिवशी भाजीत तिखट जास्त टाकायची. तो घाम पुसत जेवायचा आणि कारण विचारायचा नाही, म्हणजे त्याला माहीत होतं.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराची गोष्ट. अकोल्याहून एका टीचरबाईंचं पत्र आलं. ख्रिस्ती बाई, मुलींच्या शाळेत शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. त्यांना वाजवायला शिकवणाऱ्या मडम विलायतेला परत गेल्या आणि जाताना आपला पियानो त्यांना देऊन गेल्या. तो आता निम्मा मुका झाला होता, आणि नाताळात त्यांच्या घरी मुली गायला जमायच्या. नवरा दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला गेला आणि हातोड्यांची चौकट घेऊन आला. इतकी वाईट अवस्था मी कधी पाहिली नव्हती. लगाम एकही नव्हता. नमद्याचे तुकडे हात लावताच भुगा होऊन पडत होते. सगळंच नवीन चिकटवायचं होतं.

आणि इथे चूल आडवी आली. लाकूड-लोकर चिकटवायला सुताराकडे सरस असतो. सरस म्हणजे जनावराचं कातडं नि हाडं उकळून केलेला डिंक. तो पाण्यात भांडं ठेवून गरम करायचा आणि गरम असतानाच लावायचा. तोवर हे काम नवरा दुकानातल्या शेगडीवर करायचा. मी घरी पिना, लगाम, नमदा बघायची, तो दुकानात चिकटवायचा. पण त्या कार्तिकात त्याला हिवतापाने धरलं. दुकानाला कुलूप. तो तीन गोधड्यांखाली कुडकुडतोय, नाताळ दीड महिन्यावर, आणि मी सासूसमोर सरसाचा तुकडा घेऊन उभी.

"कातड्याचं शिजोनं माह्या चुलीवर होनार नाही," सासू म्हणाली.

"शेगडीवर करतो, आंगनात."

"शेगडीही माहीच हाय."

सासूशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी मुकाट्याने मैदा कालवला, त्याची घट्ट खळ शिजवली आणि त्या खळीने तुकडे चिकटवले. आमच्याकडे पतंग, पुड्या, वह्यांची पुठ्ठी, सगळं खळीनेच चिकटतं. मग नमदा का चिकटू नये? चिकटलाही. असा घट्ट बसला की नखाने उचकटेना. बुकबाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून, हे मला माहीत होतं. पण स्वयंपाकाच्या भांड्यात विष कोण कालवणार? नवरा बरा होऊन उठला तेव्हा सासूने सुपात ओळीने लावून दिलेल्या पंच्याऐंशी हातोड्या बसवून मी सगळी चौकट तयार करून ठेवली होती. त्याने एकेक हातोडी हलवून पाहिली.

"कायनं चिकटवलं?"

"चिकटलं ना?"

"चिकटलं तं हाय."

"मंग झालं."

डिसेंबरात आम्ही दोघं चौकट घेऊन निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. डब्यात गोधडीत गुंडाळलेली ती चौकट आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी. समोरची एक म्हातारी बराच वेळ बघत होती. "पायना नेऊन राहिले काय बाई? कितवा महिना?" तिने विचारलं. पाळणा नाही म्हणून सांगितलं तर ती आणखीच खोलात शिरली असती, म्हणून मी पाचवा म्हणून सांगितलं. नवरा खिडकीबाहेर बघत कान लाल करून बसला.

टीचरबाईंच्या दारात त्याने माझी ओळख करून दिली. "घरची मंडळी हाय. अकोला पाह्याले आली." मी अकोला काय पाहणार, कप्पाळ? बाई शाळेत गेल्या की मी पियानोपुढे बसायची आणि ज्वारीचा दाणा घेऊन एकेक पट्टी लावायची. बाई परत यायच्या वेळी नवरा माझ्या जागी बसायचा आणि मी आतल्या खोलीत जाऊन चटईवर. तीन दिवस हे नाटक चाललं. तिसऱ्या दिवशी बाई वाजवायला बसल्या. मी त्यांना पाठमोऱ्या पाहिलं. आधी एकच सूर, मग हळूच दुसरा, मग दोन्ही हात. त्यांचे खांदे खाली आले, जशी माणसं खूप चालून आल्यावर बसतात तसे. मी केलेल्या कामाचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकत होते. घरी नुसत्या हातोड्या असायच्या, तारा नसायच्या.

"मिस्त्री, तुमच्या हाताला देवाने काय दिलं आहे!" बाई म्हणाल्या.

"तुमची किरपा," नवरा म्हणाला, आणि पट्टीवर नाव लिहून मोकळा झाला. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

श्रावणात बाईंचं कार्ड आलं. दोनच ओळी. पियानो पुन्हा मुका झाला आहे, कृपया यावे.

आम्ही गेलो. नवऱ्याने पुढची फळी काढली आणि मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. एकाही हातोडीच्या बुडाला नमदा नव्हता. खाली तळाशी नमद्याचे तुकडे पडले होते, लगाम लोंबत होते, आणि सगळीकडे उंदराच्या लेंड्या. लाकडावर जिथे जिथे खळ होती तिथे तिथे दातांच्या बारीक खुणा. पंच्याऐंशी पानं मांडून मीच त्यांना जेवायला बसवलं होतं.

नवऱ्याने एक तुकडा उचलला, नखाने खरवडला, जिभेला लावला. मग माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. मी मान खाली घातली आणि तो आता काय म्हणतो याची वाट पाहत राहिले.

"चूक माही हाय बाई," तो टीचरबाईंना म्हणाला. "म्या खळ लावली. सरस लावाले पाह्यजे होता. माह्या हातून झालं."

बाईंचा चेहरा पडला. असा कारागीर आपण पुन्हा बोलावणार नाही, असं माणूस मनात ठरवतं तेव्हा जसा पडतो तसा.

खरं तर मी त्याचे पाय धरायला हवे होते. माझ्यावरचं त्याने आपल्या अंगावर घेतलं होतं. किती नवरे घेतात? पण मला राग आला, आणि तो असा आला की माझं मलाच नवल वाटलं. चांगलं झालं तेव्हा काम ह्याचं, आणि वाईट झालं तरी ह्याचंच? मग माझं काय? मी होते की नव्हते त्या घरात? मी पदर खोचला आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"खळ त्याहीनं नाही लावली. म्या लावली," मी म्हटलं.

"चूप राय वो," नवरा पुटपुटला.

"काहून चूप राहू? तुमी तं गोधडीत होते. पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी म्या बसवल्या. नमदा म्या कापला, लगाम माह्या लुगड्याचे हायेत, दानाही म्याच धरला. चूक झाली थे माही झाली. थे तुमाले नेऊ देनार नाही मी."

नवरा स्टुलावर बसला. टीचरबाईंनी चष्मा वर सरकवला आणि त्या घरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी मला, मला एकटीला, विचारलं, "आणि खळच का लावलीत?"

मी सांगितलं. माळ, चूल, शेगडी, हिवताप, सगळं. सांगता सांगता त्यांचे ओठ हलायला लागले. शेवटी त्या तोंडावर पदर घेऊन इतक्या हसल्या की शाळेच्या टीचर वाटेनात.

"माझ्या चुलीवर काहीही शिजतं," त्या म्हणाल्या. "सरस आणा. मिस्त्री, तुम्ही गेलात तरी चालेल. ह्यांना मात्र इथे राहू द्या."

नवऱ्याने बाजारातून सरस आणून दिला आणि संध्याकाळच्या गाडीने एकटाच अमरावतीला गेला.

मी आठ दिवस अकोल्याला राहिले. माहेर वगळता इतके दिवस घराबाहेर मी कधी राहिले नव्हते, आणि खरं सांगायचं तर घराची आठवण फारशी आली नाही. सकाळी बाई शाळेत गेल्या की मी जुनी खळ ओल्या फडक्याने भिजवून काढायची. दुपारी बाई येऊन सरसाचं भांडं सांभाळायच्या. त्या वासाने शेजारणी नाकाला पदर लावून विचारायला यायच्या, की बाई आज काय शिजवून राहिल्या. बाई गंभीरपणे सांगायच्या, "पियानो." एक तुकडा चिकटवायचा, दोन्ही अंगठ्यांनी शंभर मोजेपर्यंत दाबायचा, मग दुसरा. बाई माझ्यासोबत मोजायच्या. त्यांनी मला सुरांची नावं सांगितली, मी त्यांना लगामाचं काज शिकवलं. ज्या हातोड्यांचं तोंड तारांनी चिरून कडक झालं होतं, त्यांना मी सुईने टोचून मऊ केलं आणि बाई एकेक वाजवून सांगायच्या, "अजून जरा. आता पुरे." मी काम करताना कोणी असं शेजारी बसून माझ्या हाताकडे बघणं, हे सुख मला ठाऊक नव्हतं. जेवण साधं, पोळी नि वांग्याची भाजी. पण त्या आठ दिवसांत मी अंगाने भरले असं नंतर सगळे म्हणाले.

आठव्या दिवशी नवरा न्यायला आला. आला तो थेट पियानोपुढे बसला, डोळे मिटले आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत गेला. हळू, मग जोरात, मग पटपट. त्याला खोट सापडावी असं त्याला वाटत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. खोट सापडली नाही. मग त्याने पहिली पट्टी उपसली, कानावरची शिसपेन्सिल काढली आणि दोन्ही माझ्यापुढे धरल्या.

"लिव," तो म्हणाला.

तिथे डिसेंबरातलं त्याचं नाव होतं. त्याच्या खाली मी माझं लिहिलं. अक्षर काही बरं आलं नाही. अमरावती लिहिलं. मग थोडी जागा उरली होती आणि पुढचा कारागीर कोण असेल, कुठला असेल, त्याची सासू कशी असेल, कोणास ठाऊक, म्हणून खाली आणखी लिहिलं, "खळ लावू नये. उंदीर खातात." बाईंनी ते वाचून चष्मा काढून पुसला. नवरा म्हणाला, "आता काय पत्र लिवतं काय?" पण पट्टी त्यानेच जपून परत बसवली.

गाडीत आम्ही शेंगा खाल्ल्या. मूर्तिजापूरच्या आधीच तो म्हणाला, कॅम्पातल्या एका बंगल्यात काम आहे, उद्या तूही चल. मी बरं म्हटलं. एवढंच.

घरी सासूने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हात-पाय धुवायच्या आधीच सगळं ऐकून घेतलं. सरस कोणाच्या चुलीवर शिजला, हेही मी लपवलं नाही. "तिची चूल, तिचा हिसोब," ती म्हणाली. मग पट्टीचं सांगितलं. ती बराच वेळ चुलीतली लाकडं मागे-पुढे करत राहिली.

"अन माहं नाव काहून नाही लिवलं?" तिने विचारलं. "चार विसा पाच कोनं लावून देल्ल्या? अन खळ लावाची पाळी कोनाच्या चुलीपायी आली?"

मी खदखदून हसले. मग तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत नव्हती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिचं नाव मी कुठेच लिहिलेलं पाहिलं नव्हतं. रेशनच्या कार्डावर होतं तेही कोणाची तरी आई म्हणून. मला पट्टीवर नाव मिळायला पाच-सहा वर्षं लागली म्हणून मी रुसत, भांडत आले. ती साठ वर्षांची होऊन गेली आणि आजच काय ते पहिल्यांदा तिने मागितलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून अकोल्याच्या पट्ट्या खडखडायला लागल्या, तेव्हा मी एकटीच गेले. दोन दिवसांचं काम होतं. निघताना पहिली पट्टी उपसली आणि माझ्या नावाच्या वर, कडेला, बारीक अक्षरात सासूचं नाव लिहिलं. बाईंना दाखवलं, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन सासूला सांगितलं. तिने विचारलं, "दिसते कसं थे?" मी चुलीजवळच्या सारवलेल्या जमिनीवर कोळशाने तिचं नाव लिहून दाखवलं. ती वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाहत राहिली. त्या आठवड्यात तिने ती जागा सारवू दिली नाही.